कोणती गोळी, हा वाद पुरे. रक्तदाब उतरला का, ते सांगा

2024 च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एका भारतीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणीचे नाव ‘टॉपस्पिन’. दिल्लीची एम्स, सेंटर फॉर क्रॉनिक डिसीज कंट्रोल ही संस्था आणि लंडनचे इम्पीरियल कॉलेज येथील संशोधकांनी देशातील 32 केंद्रांवर उच्च रक्तदाबाच्या 1,981 रुग्णांची तीन गटांत विभागणी केली. प्रत्येक गटाला दोन औषधे एकत्र असलेली एकच गोळी रोज द्यायची. फरक एवढाच, की एका गटाच्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिन आणि पेरिंडोप्रिल, दुसऱ्याच्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिन आणि इंडापामाइड, तर तिसऱ्याच्या गोळीत पेरिंडोप्रिल आणि इंडापामाइड. यांपैकी कोणती जोडी भारतीय रुग्णांना अधिक लागू पडते, हा प्रश्न होता. सहा महिन्यांनी उत्तर आले : तिन्ही सारख्याच. तिन्ही गटांत सुमारे 70 टक्के रुग्णांचा रक्तदाब 140/90 च्या खाली आला.

वरवर पाहता हा बरोबरीत सुटलेला सामना वाटतो. बरोबरीच्या सामन्याची बातमी कोण लक्षात ठेवतो? वस्तुतः ही बरोबरी हाच या चाचणीचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे. वैद्यकीय परिषदांच्या व्यासपीठांवर, औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या पिशव्यांत आणि दवाखान्यातल्या गप्पांत वर्षानुवर्षे जो वाद रंगतो, तो ‘कोणती गोळी श्रेष्ठ’ हा आहे. या चाचणीने त्या वादाखालची जमीनच काढून घेतली. निवड मान्यताप्राप्त गटांतून केली, दोन औषधे जोडून दिली आणि ठरल्या वेळी मात्रा वाढवली, की तीनपैकी कोणत्याही जोडीने दहांतील सात माणसांचा रक्तदाब उतरतो. मग प्रत्यक्षात तो का उतरत नाही?

प्रत्यक्षात तो उतरत नाही, हे आकडेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या सप्टेंबरमध्ये उच्च रक्तदाबावरचा आपला पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील भारताविषयीच्या अंदाजानुसार 30 ते 79 या वयोगटातील सुमारे 18.8 कोटी भारतीयांना उच्च रक्तदाब आहे. त्यांपैकी 37 टक्क्यांना त्याचे निदान झालेले आहे, 30 टक्के उपचार घेत आहेत आणि 15 टक्क्यांचा रक्तदाब नियंत्रणात आहे. या तीन आकड्यांपैकी पहिल्याची चर्चा भरपूर होते. ‘रक्तदाब तपासून घ्या’ असे सांगणारे फलक, शिबिरे, जागतिक रक्तदाब दिनाची भाषणे, हे सारे त्या पहिल्या आकड्यासाठी असते आणि ते आवश्यकही आहे. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांमधील अंतराकडे कोणी फारसे बोट दाखवत नाही. 30 आणि 15. म्हणजे ज्याचे निदान झाले, जो दवाखान्याची पायरी चढला, ज्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली गेली आणि जो गोळी घेतो आहे, अशा दोन माणसांपैकी एकाचा रक्तदाब उपचार चालू असूनही चढलेलाच आहे.

निदान न झालेल्या माणसाबद्दल दोष अज्ञानाला, दारिद्र्याला, अंतराला देता येतो. या निम्म्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. ही माणसे वैद्यकव्यवस्थेच्या उंबऱ्याबाहेर नाहीत, आत आहेत. त्यांच्या बाबतीत जे अपुरे पडते, ते मुख्यतः औषध लिहून देण्याच्या पद्धतीतच अपुरे पडते.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते : ‘रुग्ण गोळ्या नियमित घेत नाहीत.’ हे उत्तर खोटे नाही. पण ते जिथे थांबते, तिथूनच खरा प्रश्न सुरू होतो. रुग्ण गोळी का सोडतो? बरे वाटले म्हणून सोडतो, कारण हा आजार बरे वाटण्या-न वाटण्याचा नाही, हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते. घोट्याला सूज आली म्हणून सोडतो, कारण अ‍ॅम्लोडिपिनने काहींना अशी सूज येते आणि ती आली तर परत या, हे चिठ्ठी देताना सांगायचे राहून गेलेले असते. एनालाप्रिल किंवा रामिप्रिलने कोरडा खोकला लागतो म्हणून सोडतो, आणि त्या खोकल्यावर दुसऱ्याच दवाखान्यातून खोकल्याचे औषध घेतो. सकाळी दोन, दुपारी एक, रात्री दोन अशी रांग लावून दिली म्हणून सोडतो. गोळीचा रंग बदलला, नाव बदलले म्हणून घाबरून सोडतो. यांतील प्रत्येक कारण औषधयोजनेच्याच पोटात येते. कोणती गोळी, किती, केव्हा, कोणत्या इशाऱ्यासह आणि पुढची भेट कधी, या साऱ्याला मिळून औषधयोजना म्हणतात. गोळीचे नाव आणि खाली सही एवढ्यालाच जो औषधयोजना समजतो, त्याने उरलेल्या अपयशाचे खापर रुग्णाच्या माथी फोडणे हा न्याय नव्हे.

आता दुसरी बाजू पाहावी. जो रुग्ण गोळी घेतो आणि नेमाने येतो, त्याचे काय होते? टेबलाशी बसल्याबरोबर त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला जातो. आकडा 156/94 येतो. ‘थोडा वाढलाय, मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका, त्याच गोळ्या चालू ठेवा.’ तीन महिन्यांनी 158/92. पुन्हा तेच. वर्षभरात चार भेटी, चार वाढलेले आकडे आणि एकाच गोळीची एकच मात्रा. या वागण्याला वैद्यकशास्त्रात ‘उपचारातील जडता’ असे नाव आहे आणि जगभरच्या संशोधनात ती रक्तदाब अनियंत्रित राहण्याचे एक प्रमुख कारण म्हणून पुनःपुन्हा नोंदवली गेली आहे. या जडतेत कोणी दुष्ट नसतो. रुग्णाला एक गोळी वाढवायची नसते, डॉक्टरला वाद घालायचा नसतो, बाहेर चाळीस माणसे खोळंबलेली असतात. दोघेही समाधानाने उठतात. असमाधानी राहते ती फक्त धमनी.

वास्तविक औषधशास्त्राने हा गुंता बराच सोपा करून ठेवला आहे. रक्तदाबाच्या पहिल्या फळीच्या औषधांचे गट मोजके आहेत. अ‍ॅम्लोडिपिनच्या गटातील औषधे धमनीच्या भिंतीतील स्नायूपेशींत जाणाऱ्या कॅल्शियमला आवर घालतात, त्यामुळे धमनी सैलावते. एनालाप्रिल, रामिप्रिल यांचा गट आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन यांचा गट हे मूत्रपिंडापासून सुरू होणाऱ्या रेनिन-अँजिओटेन्सिन या साखळीत अडथळा आणतात. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही औषधे मूत्रपिंडाकरवी मीठ बाहेर टाकतात. शरीर मात्र आपला जुना दाब सहजासहजी सोडत नाही. मीठ बाहेर गेले की रेनिन वाढते आणि दाब पुन्हा वर ढकलला जातो. अशा वेळी टेल्मिसार्टन त्या रेनिनचा मार्ग रोखते. एका औषधाने शरीराने काढलेली पळवाट दुसरे औषध बंद करते. म्हणून दोन गटांतील दोन औषधे थोड्या मात्रेत जोडणे हे एकच औषध पुढे पुढे दामटण्यापेक्षा सरस ठरते. 2009 साली 42 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले होते, की एकाच औषधाची मात्रा दुप्पट केल्याने जी अधिकची घट मिळते, तिच्या सुमारे 5 पट घट दुसऱ्या गटाचे औषध जोडल्याने मिळते. शिवाय अनेक दुष्परिणाम मात्रेबरोबर वाढतात. अ‍ॅम्लोडिपिनची सूज त्यांतलीच, आणि टेल्मिसार्टनसारखे औषध सोबत असले तर ती कमी होते. म्हणजे जोडगोळीत गुण अधिक आणि उपद्रव कमी. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये अशा जोडगोळ्या आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या आणि 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यांना पसंती दिली.

‘टॉपस्पिन’मध्ये नेमके हेच घडले होते. त्यातील रुग्ण एक तर उपचार न घेतलेले होते किंवा एकाच औषधावर अडकलेले होते. त्यांना पहिल्या दिवसापासून जोडगोळी मिळाली आणि दोन महिन्यांनी मात्रा वाढवण्याचे वेळापत्रक आधीच ठरलेले होते. ‘बघू पुढच्या वेळी’ या वाक्याला तिथे जागाच नव्हती. चाचणीतले रुग्ण निवडलेले असतात, त्यांच्यावर देखरेख असते आणि म्हणून दवाखान्यात हुबेहूब 70 टक्के मिळणार नाहीत, हे मान्य. पण उपचाराखालील माणसांपैकी निम्म्यांवर समाधान मानणारी व्यवस्था त्या आकड्याकडे पाहून किमान अस्वस्थ तरी व्हायला हवी.

सवयीचे वजन पुराव्यापेक्षा किती अधिक असते, याचा भारतातील ठळक नमुना म्हणजे अटेनोलॉल. हृदयाची गती आणि जोर कमी करणाऱ्या बीटाब्लॉकर गटातले हे औषध स्वस्त, ओळखीचे आणि हाताशी असलेले. 2002 साली ‘लाइफ’ या 9,193 रुग्णांच्या चाचणीत लोसार्टन घेणाऱ्यांना अटेनोलॉल घेणाऱ्यांपेक्षा पक्षाघात सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. 2005 साली ‘अ‍ॅस्कॉट’ या 19,257 रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅम्लोडिपिनवर आधारलेल्या उपचाराने अटेनोलॉलवर आधारलेल्या उपचाराला मागे टाकले आणि फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. 2006 मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी बीटाब्लॉकरना उच्च रक्तदाबाच्या पहिल्या पसंतीतून काढले. भारतात मात्र अ‍ॅम्लोडिपिन आणि अटेनोलॉल यांची जोडगोळी त्यानंतरही वर्षानुवर्षे चिठ्ठ्यांवर ठाण मांडून राहिली. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीतून अटेनोलॉल गळाले, ते 2022 साली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना, छातीत कळ येणाऱ्यांना, हृदयाच्या लयीत बिघाड असणाऱ्यांना बीटाब्लॉकर गटाची गरज असते. ते अशा रुग्णांना द्यावेच. प्रश्न आहे तो निव्वळ रक्तदाब असलेल्या माणसाला ते केवळ ‘नेहमी देतो’ म्हणून देण्याचा. (ज्यांना ही गोळी चालू आहे, त्यांनी ती मनाने बंद करू नये, बीटाब्लॉकर अचानक थांबवणे धोक्याचे असते. डॉक्टरांना विचारावे.)

याच्या उलट टोकाला नव्याचा सोस आहे. एका अंगाला जुनी सवय आणि दुसऱ्या अंगाला गेल्या आठवड्यात कंपनीच्या प्रतिनिधीने ठेवलेली नवी कोरी पट्टी. दोहोंच्या मधोमध पुरावा बिचारा उभा असतो. अमेरिकेतील ‘ऑलहॅट’ या चाचणीने 2002 सालीच, 33,000 हून अधिक रुग्णांच्या अनुभवावरून दाखवून दिले होते, की क्लोरथॅलिडोन ही जुनी, स्वस्त, मीठ बाहेर टाकणारी गोळी हृदयविकाराचे मृत्यू आणि झटके टाळण्यात तिच्याहून महागड्या गोळ्यांच्या मागे नाही. तरीही ज्या औषधात नफा नाही, त्याची वकिली करायला कोणी पिशवी घेऊन दारात उभा राहत नाही.

मराठीत एक जुना विश्वास आहे : अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. आपल्या वैद्यकव्यवहारावर या विश्वासाची छाया अजून गडद आहे. पण हाताचा गुण मोजायचा कसा? ज्यांना गुण आला, ते परत येऊन सांगतात. ज्यांना आला नाही, ते दुसरीकडे जातात, आणि ज्यांना पक्षाघात झाला, ते येऊच शकत नाहीत. डॉक्टरच्या आठवणीत यशाचेच चेहरे उरतात. म्हणून प्रामाणिक डॉक्टरलाही आपले किती रुग्ण नियंत्रणात आहेत, हे नुसत्या स्मरणावरून सांगता येत नाही. त्याला नोंदवही लागते.

ही गोष्ट भारतीय वैद्यकाला परकी नाही. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग आपल्याकडे पूर्वापार होता. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरील तिच्या परिणामाविषयी लिहिले. तरीही जगाने तिची दखल घेतली, ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आल्यावर. त्यांनी रुग्णांचे रक्तदाब उपचाराआधी आणि नंतर मोजले, मांडले आणि जगासमोर ठेवले. 1957 साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मुळी तीच होती; भर पडली ती मोजमापाची. जिथे मोजणी सुरू होते, तिथे अनुभवाचे शास्त्र होते. आज देशातील किती दवाखाने आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांचा असा हिशेब मांडू शकतील?

मोजणी झाली की काय होते, याचेही उदाहरण देशातच आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ यांनी राज्य सरकारांच्या साथीने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र ही पहिली पाच राज्ये. महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीला आले. उपक्रमाची कल्पना जवळजवळ निरस वाटावी इतकी सरळ. राज्यासाठी एक साधा उपचारक्रम ठरवायचा, औषधाच्या नावासह आणि मात्रेसह. बहुतेक ठिकाणी सुरुवात अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमने. महिन्याने दाब उतरला नाही तर ठरलेली पुढची पायरी, बहुधा टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम. त्यानेही भागले नाही तर त्यापुढची. औषधे थोडीच असल्याने साठा करणे सोपे. गोळ्या महिन्याभराच्या द्यायच्या. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची आणि जो येणार नाही, त्याला बोलावून आणायचे.

या उपक्रमातील 24 निवडक केंद्रांचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. तिथे नोंदवलेल्या सुमारे 21,900 रुग्णांपैकी जवळपास निम्मे मोजणीच्या तिमाहीत परत आले. परत आलेल्यांत नोंदणीच्या वेळी 26.3 टक्के रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात होता. पाठपुराव्याच्या भेटीत तो 59.8 टक्क्यांचा झाला. या आकड्यांत दोष काढता येतील. तुलनेला दुसरा गट नव्हता, पहिला चढा आकडा दुसऱ्या मोजणीत थोडा आपोआपही उतरतो आणि निम्मे रुग्ण परतलेच नाहीत. हे सगळे आक्षेप खरे आहेत. पण ते घेता येतात, कारण आकडे लिहिलेले आहेत. ज्या दवाखान्यात काहीच लिहिलेले नसते, त्याच्यावर आक्षेपही घेता येत नाही आणि त्याची सुधारणाही करता येत नाही. 2022 साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मात्र तो मुख्यतः सरकारी केंद्रांतून चालतो आणि या देशातील रुग्णांचा मोठा हिस्सा खाजगी दवाखान्यांत जातो. तिथे ठरलेला उपचारक्रम नाही, नोंद नाही, न आलेल्याला बोलावणे नाही.

ठरलेल्या उपचारक्रमाला होणारा सर्वांत भारदस्त विरोध असा : ‘प्रत्येक रुग्ण वेगळा असतो. वैद्यक ही कला आहे. ती तक्त्यात कोंबता येत नाही.’ या युक्तिवादाचा आदर करूनच त्याची तपासणी केली पाहिजे. रुग्ण वेगळे असतात, हे खरेच. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, हृदयविकार, गाउट, दमा, गर्भारपण यांनी निवड बदलते. उठताना तोल जाणाऱ्या वृद्धाची मात्रा जपून वाढवावी लागते. रक्तातील पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे लागते. पण हे अपवाद चांगल्या उपचारक्रमात लिहिलेलेच असतात. गर्भवती स्त्रीला किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला रामिप्रिल अथवा टेल्मिसार्टन देऊ नये, ही सूचना भिंतीवरच्या तक्त्यावर असली, तर ती घाईच्या वेळीही विसरली जात नाही. 67 देशांतील आकडेवारीचा आढावा घेणाऱ्या, 2017 साली ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेल्या अभ्यासात भारतातील प्राथमिक उपचाराच्या भेटीची सरासरी लांबी सुमारे 2 मिनिटे भरली होती. दोन मिनिटांत कोणती कला साधते? व्यक्तिनिष्ठ उपचाराचा जो युक्तिवाद केला जातो, तो अर्ध्या तासाच्या भेटीचा आहे. आणि तो वापरला जातो दोन मिनिटांच्या भेटीतील मनमानीच्या समर्थनासाठी. उलट साधे रुग्ण तक्त्याने लवकर मार्गी लागले, तरच अवघड रुग्णांसाठी डॉक्टरचा वेळ आणि बुद्धी उरेल. विमानाचा चालक उड्डाणापूर्वी तपासयादी वाचतो म्हणून त्याला कोणी अकुशल म्हणत नाही.

दुसरा विरोध आकड्यांच्या आडून येतो. लक्ष्य 140 असावे की 130, की 120? 2015 च्या ‘स्प्रिंट’ चाचणीने मधुमेह नसलेल्या, पण जोखीम अधिक असलेल्या रुग्णांत वरचा दाब 120 च्या खाली नेण्याचा लाभ दाखवला. 2017 मध्ये अमेरिकेने निदानाची रेषाच 130/80 वर आणली. या चर्चा गंभीर आहेत आणि व्हायला हव्यात. मात्र ‘स्प्रिंट’मध्ये रक्तदाब शांत बसवून, यंत्राने, अनेकदा मोजून सरासरी घेतली होती. जिथे रुग्ण जिना चढून येतो आणि धापा टाकत असतानाच सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा बांधून एकदाच आकडा घेतला जातो, तिथे 130 आणि 140 मधला फरक हा फरकच नव्हे, तो मोजणीचा गोंगाट आहे. पाच मिनिटे विश्रांती, पाठीला आणि हाताला आधार, दंडाच्या मापाचा पट्टा, किमान दोन मोजण्या, इतके साधे नियम पाळल्याशिवाय लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी चुकीच्या पायावर उभी असते. त्यातून काहींना नको असलेली गोळी मिळते आणि काहींना हवी असलेली मिळत नाही. निम्मे उपचाराधीन रुग्ण 140 च्याही वर असताना 120 चा वाद घालणे म्हणजे पहिला मजला बांधायच्या आधी गच्चीच्या कठड्याचा रंग ठरवणे होय.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हा वादही असाच. ब्रिटनमधील ‘टाइम’ चाचणीने 2022 साली 21,104 रुग्णांच्या आधारे दाखवले, की झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांच्या हिशेबात काही फरक पडत नाही. ज्या वेळी आठवण राहते, ती वेळ उत्तम. अ‍ॅम्लोडिपिनचे शरीरातील अर्धायुष्य 30 ते 50 तासांचे असते. एखादी गोळी चुकली तरी ते लगेच दगा देत नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसायलाही काही आठवडे लागतात. म्हणून चौथ्या दिवशी ‘लागू पडत नाही’ म्हणून गोळी बदलणारा डॉक्टर जितका चुकतो, तितकाच वर्षभर ती न बदलणाराही चुकतो.

सारा दोष एकट्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवणेही अन्याय ठरेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा संपला की उत्तम उपचारक्रमही कागदावर राहतो, आणि त्याला उत्तरदायी सरकार आहे. औषधाचे मूळ नाव लिहिण्याची सक्ती करणारे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम 2023 च्या ऑगस्टमध्ये आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. जेनेरिक औषधांच्या दर्जाविषयी डॉक्टरांनी उभी केलेली शंका अगदीच निराधार नाही. तिचे उत्तर कडक तपासणीने देण्याचे काम नियामकांचे आहे. पण ब्रँडशेजारी मूळ नावही लिहावे, यात कोणाचा दर्जा घसरतो? ते लिहिलेले असेल, तर गाव बदललेल्या रुग्णाला नवा डॉक्टर तेच औषध दुसऱ्या नावाने दुप्पट देऊन बसणार नाही.

तेव्हा मागणी अवाजवी नाही. प्रत्येक चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात : आजचा नीट मोजलेला रक्तदाब, गाठायचा आकडा, औषधाचे मूळ नाव आणि महिन्याभराच्या आतली पुढच्या भेटीची तारीख. दाब लक्ष्याहून फार वर असेल, तर सुरुवातच दोन औषधांच्या कमी मात्रेने व्हावी. आणि आकडा चढलेला असताना चिठ्ठी न बदलणाऱ्याने त्याचे कारण एका ओळीत लिहावे. प्रत्येक केंद्राने, सरकारी असो वा खाजगी, वर्षातून एकदा सांगावे, की आमच्याकडे नोंदलेल्या शंभरांपैकी इतक्यांचा रक्तदाब नियंत्रणात आहे. या आकड्याने कोणाला शिक्षा करायची नाही. पण तो माहीत नसणे ही आता लाजेची गोष्ट ठरावी.

आज वैद्यकाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांना औषधांचे गट, मात्रा आणि दुष्परिणाम तोंडपाठ असतात; परीक्षेत तेच विचारले जाते. दीडशेच्या पुढचा आकडा तिसऱ्या भेटीतही तसाच असताना काय कराल आणि का केले नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो त्यांनी स्वतःला विचारावा. आणि जे डॉक्टर नाहीत, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांची चिठ्ठी एकदा काढून पाहावी. त्या चार गोष्टींपैकी किती तिच्यावर आहेत, ते मोजावे आणि उरलेल्यांविषयी पुढच्या भेटीत नम्रपणे विचारावे. हा डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. चढलेला रक्तदाब दुखत नाही, ओरडत नाही, तक्रार करत नाही. तो थेट मेंदूत, हृदयात किंवा मूत्रपिंडात आपला हिशेब चुकता करतो. ज्या आजाराला स्वतःचा आवाज नाही, त्याच्या वतीने कोणी तरी प्रश्न विचारलाच पाहिजे.